फळा पुसण्याआधी

६ फेब्रुवारी

ती. मावशी,

पत्र कुणाचं म्हणून पाकीट दोनदा उलटंसुलटं केलं असशील. माझंच आहे. हल्ली पत्र लिहितं कोण, पण तुझ्या त्या बटणांच्या फोनवर दोन वाक्यं बोलून होत नाहीत तोच "आवाज येत नाही गं" सुरू होतं. शिवाय तुझ्या खोलीत आणखी तिघी राहतात, म्हणजे सहा कान. मला जे बोलायचंय ते त्या सहा कानांसाठी नाही.

काल मी सातव्यांदा नापास झाले. प्रोग्रामरच्या नोकरीची लेखी परीक्षा मी दर वेळी पास होते. घोडं अडतं ते फळ्यापाशी. समोर दोघं बसतात, एक कोडं घालतात आणि म्हणतात, "सोडवा, आणि सोडवताना बोला." माझी जीभ टाळ्याला चिकटते. माझ्या खोलीतल्या दोघींना नोकऱ्या लागल्या. जाताना त्या आपली वापरलेली पुस्तकं मला देऊन गेल्या, जुन्या चपला देतात तशी. बाबा दर रविवारी फोनवर एकच विचारतात, "मग? अजून अभ्यासच का?"

आई म्हणाली, तू आता त्या काचेच्या मोठ्या इमारतीतल्या कंपनीत साफसफाईला लागलीस. नाव ऐकलं आणि मी खाटेवर उठून बसले. मावशी, मला तिथेच अर्ज करायचाय. तुला मजला कुठला दिलाय? तिथे मुलाखतीच्या खोल्या असतील, खोल्यांत पांढरा फळा असेल. तो कोण पुसतं?

उत्तर लवकर लिही. तुझं अक्षर बघूनही बरीच वर्षं झाली.

तुझी,
भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझं पत्र मी कपडे वाळत घालायच्या गच्चीवर जाऊन वाचलं. सात वेळा पडलीस म्हणून तोंड लपवू नकोस. चालायला शिकताना तू किती आपटलीस ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. दर वेळी आधी माझ्याकडे बघायचीस, मी हसले तर हसायचीस, मी घाबरले तर भोकाड पसरायचीस.

फळा मीच पुसते. चौथा मजला माझा आणि माझ्या जोडीदारणीचा. तिला सगळे शिडी म्हणतात, इतकी उंच की काचा पुसायला तिला स्टूल लागत नाही. मुलाखती शनिवारी असतात. आठ खोल्या आहेत. एक पोर बाहेर आलं की दुसरं आत जाईपर्यंत दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात फळा पुसायचा, खुर्च्या सरळ करायच्या, ग्लास बदलायचे. बाहेर पडणाऱ्या पोरांकडे बघवत नाही गं. परवा एक मुलगा जिन्यात बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता. मी पाणी दिलं तर म्हणाला, "थँक्यू मॅडम." मला आजवर कुणी मॅडम म्हटलेलं नाही.

फळ्यावर काय लिहिलेलं असतं ते मला काय कळणार? चौकटी असतात, बाण असतात. पण नववीपर्यंत नकाशे काढण्यात माझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं, हे तुला आईनं सांगितलं असेल. ती स्वतः नापास व्हायची म्हणून सांगितलंही नसेल.

पण तू हे का विचारतेस?

तुझी मावशी

२१ फेब्रुवारी

मावशी,

का विचारते ते तुला कळलंय. नाहीतर नकाशांचं लिहिलं नसतंस.

तू फक्त पुसण्याआधी जे दिसेल ते उतरवायचं. समजायची गरज नाही, हुबेहूब काढायचं, नदी काढायचीस तसं. तिथे तेच तेच प्रश्न फिरवून विचारतात. मला ते आधी कळले तर जीभ चिकटणार नाही, बाकीचं मी बघते.

आता तू म्हणशील, ही चोरी आहे. मला सांग, ते तुला कशासाठी पगार देतात? पुसून टाकण्यासाठी. म्हणजे त्यांच्या लेखी तो कचराच. कचऱ्यातून कागद उचलला तर चोरी होते का?

आणि मी कुणाचं काय हिसकावून घेतेय? ज्यांचे काका-मामा आत साहेब आहेत त्यांना घरी बसून हेच मिळतं. माझ्या नशिबी साहेब नाही, तू आहेस. आणि मला ते जास्त आवडतं.

पत्रातूनच पाठव. फोनवर काही बोलायचं नाही.

भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरी,

सोबत तीन कागद आहेत. पाठकोरे आहेत, पुढे काय छापलंय ते बघून नाक मुरडू नकोस. संडासांच्या तपासणीचे तक्ते आहेत ते. दर तासाला साफ केलं म्हणून त्यावर सही करायची असते. कोरा कागद आत न्यायची परवानगी नाही, फोन गेटवर जमा करतात. म्हणून हा उपाय. बाहेर काढताना चपलेत घालते.

पहिल्या कागदावर एक झाड आहे, पण उलटं. मूळ वर आणि फांद्या खाली, प्रत्येक फांदीला दोनच फाटे. दुसऱ्यावर एकावर एक ठेवलेल्या चौकटी आहेत आणि बाजूला बाण, वरून आत, वरूनच बाहेर. तिसऱ्यावर शाळेतल्या फुलीगोळ्यासारख्या घरांतून एक वाकडी रेघ जाते. ती रेघ अर्ध्यात पुसली होती. पुसलेल्याचा डाग मी टिंबांनी दाखवलाय.

शिडी दाराशी उभी राहते. कुणी आलं की बादली वाजवते. मी काय करते ते तिनं एकदाही विचारलं नाही. "तुला हवंय ना, मग कर," एवढंच म्हणाली. दोन तक्ते तिच्याच सहीचे आहेत, माझे कमी पडले. तिला सहीपुरतंच लिहिता येतं आणि ती सही करायला ती इतका वेळ लावते की सुपरवायझर बाई ओरडतात.

पहिल्या दिवशी मी दहा वेळा दाराकडे बघितलं. परवाच्या शनिवारी एकदाही नाही. हे चांगलं की वाईट?

मावशी

१७ मार्च

मावशी मावशी मावशी,

तू कमाल आहेस! टिंबं दाखवलीस म्हणून तर मला कळलं की त्या पोराचं कुठे चुकलं.

ते उलटं झाड म्हणजे माहिती ठेवायची पद्धत. लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे, म्हणजे शोधताना दर फाट्याला अर्धं झाड सोडून देता येतं. एकावर एक चौकटी म्हणजे ताटांची चळत. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं, मधलं ओढलंस तर सगळी पडतील. तिसरं म्हणजे सगळ्यांत जवळचा रस्ता शोधायचा.

मी तिन्ही कोडी आरशासमोर उभी राहून मोठ्यानं बोलत सोडवली. जीभ अडली नाही! आणखी पाठव. दर शनिवारी पाठव. आणि तुझ्या त्या शिडीला काही सांगू नकोस. अशा बायकांच्या पोटात काही राहत नाही.

तुझीच भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरी,

पाच कागद पाठवतेय.

तू ताटांचं लिहिलंस आणि मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. आम्ही खुर्च्या एकावर एक रचतो ना, तेच की! मग मी उलट्या झाडाकडेही नीट बघायला लागले. गेल्या शनिवारी तीन नंबरच्या खोलीत एका पोरानं चौदा आकडा आठच्या डावीकडे लिहिला होता. मी पुसायच्या आधी मनात म्हटलं, अरे, चुकलास. भिंगरे, मला कळलं! कुणी न सांगता कळलं!

आणि जवळच्या रस्त्याचं ऐक. मजला पुसताना ओल्या फरशीवरून परत यावं लागू नये म्हणून मी रोज हेच करते. नव्या बायका दारापासून पुसत आत जातात आणि मग अडकतात. मी आधी बघते की एकच दार असलेल्या खोल्या कुठल्या. त्या आधी उरकायच्या, कारण तिथून परतच यावं लागतं. दोन दारांच्या खोल्या वाटेसारख्या वापरायच्या, एका दारानं आत, दुसऱ्यानं बाहेर. असं केलं की चौथा मजला पाऊण तासात होतो, बाकीच्यांना सव्वा तास लागतो. सुपरवायझर बाईंना वाटतं मी कामचुकारपणा करते.

एक विचारू? हसू नकोस. मी पंचेचाळीसची आहे. माझ्यासारखीला हे थोडंसं शिकता येईल का? नोकरीसाठी नाही गं. असंच.

मावशी

१२ एप्रिल

मावशी,

हसले, खोटं कशाला बोलू! शेजारच्या खोलीतली विचारायला आली, काय झालं म्हणून. अगं, चौदा आठपेक्षा मोठा असतो हे कळणं म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे. तू आपली चित्रं काढ, तेच तुला छान जमतं. आपापल्या जागी माणूस शोभतं.

बातमी अशी की मी लेखी परीक्षा पास झाले. शनिवारी, ९ मेला, मुलाखत. तुझ्याच मजल्यावर! त्या दिवशी माझ्या आसपास फिरू नकोस आणि ओळख दाखवू नकोस. ते फरशीचं मात्र पुन्हा एकदा नीट लिहून पाठव. एका दाराच्या खोल्या आधी का, ते.

भिंगरी

१२ मे

चि. भिंगरी,

तुझा निकाल कळला नाही, म्हणून रोज पोस्टमनची वाट बघते.

माझ्याकडून चूक झाली. तू निळा शर्ट घालून कॉरिडॉरमधून आलीस, केस मागे घट्ट बांधलेले, आणि मला एकदम ताईच दिसली. मी हसले. तू सांगितलं होतंस तरी हसले. तुझ्याबरोबरच्या दाढीवाल्या साहेबांनी तुला विचारलं, "ओळखता का यांना?" तू म्हणालीस, "नाही. त्यांची काहीतरी गफलत झाली असेल." मग मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालीस, "फरशी ओली आहे, बोर्ड का नाही लावला?"

बरोबर केलंस. वेळ मारून नेलीस. साहेबांनी सुपरवायझर बाईंना सांगितलं आणि मला सगळ्यांसमोर बोलणी बसली, पण ते चालायचंच. शिडी म्हणाली, "कोण गं ती टिकोजीराव?" मी म्हटलं, "असेल कुणीतरी."

तू गेल्यावर तुझ्या खोलीतला फळा मी पुसला. तुझं अक्षर ओळखलं. पुसायला जरा वेळ लागला.

मावशी

२० मे

मावशी,

लागली! लागली! लागली!

पत्र ऑफिसच्या शिक्क्यानिशी हातात आहे. आईनं शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. बाबा रडले, मग म्हणाले, "मला माहीतच होतं."

प्रश्न काय विचारला माहितीये? एक यंत्र आहे, त्याला सगळ्या खोल्या साफ करायच्यात, ओल्या जागेवरून परत यायचं नाही, रस्ता काढा. मला हसूच येत होतं. मी तुझं सगळं सांगितलं, एक दार, दोन दारं. दाढीवाले पुढे वाकून म्हणाले, "हा विचार तुम्हाला सुचला कसा?" मी म्हटलं, "लहानपणापासून मला रोजच्या गोष्टींत गणित दिसतं." ते एकमेकांकडे बघायला लागले. तिथेच काम झालं.

१५ जूनला रुजू व्हायचंय. मी नवव्या मजल्यावर असेन. मावशी, एक ठरवून टाकू. इमारतीत आपण ओळखीच्या नाही. माझा नंबर बदलेल. मी खोली घेतेय तिथला पत्ता खाली देते. काही महत्त्वाचं असेल तरच लिही.

भिंगरी

३ जुलै

चि. भिंगरी,

तू पाच मजले वर बसतेस आणि मी तुला पोस्टानं पत्र पाठवतेय. असो. महत्त्वाचं असेल तरच लिही म्हणालीस, तर महत्त्वाचंच आहे.

तुझ्या मुलाखतीच्या आधल्या शनिवारी गेटवर झडती कडक होती. चपलाही काढायला लावत होते. म्हणून एक कागद मी लॉबीतल्या सोफ्याच्या गादीखाली सरकवला आणि तो तिथेच राहिला. परवा सोफे बदलले, तेव्हा तो सापडला. मागे आकृती, पुढे तक्ता, आणि तक्त्यावर शिडीची सही.

तिला वरच्या ऑफिसात नेलं. दोन तास उभं केलं. "कुणासाठी काढलं? किती जणांना विकलं?" तिनं एवढंच सांगितलं की मला लिहिता येत नाही, मी कशी काढणार. ते म्हणाले, सही तर येते. तिनं माझं नाव घेतलं नाही. मी बाहेर बादली घेऊन उभी होते. दार उघडलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मी अडकू नये म्हणून.

तिला त्याच दिवशी काढलं. राहायची जागा ठेकेदाराची, तीही गेली. माझ्या शेजारची खाट रिकामी झाली.

मी जाऊन सांगणार आहे. फक्त तुला आधी कळवावं म्हणून लिहिलं.

मावशी

८ जुलै

मावशी,

काहीही करू नकोस. हे पत्र मिळेल तिथे खाली बस आणि नीट वाच.

मला रुजू होऊन तीन आठवडे झालेत. सहा महिने प्रोबेशन असतं, तोपर्यंत कारण न देता काढतात. तू गेलीस की पहिला प्रश्न येणार, कुणासाठी? मग आईचं काय? बाबांनी आत्ता कुठे मान वर करून चालायला सुरुवात केलीय. तुझ्या हातानं तू ती खाली घालणार?

आणि त्या बाईचं काय गेलं? झाडू-पोछ्याचंच काम ना? अशा बायकांना दहा ठिकाणी काम मिळतं. आज इथे, उद्या तिथे, त्यांना सवय असते. माझं तसं नाही. माझ्यावर एकदा डाग पडला की सगळीकडे कळतं.

सहा महिने पुरे होईपर्यंत थांब, मावशी. १५ डिसेंबरला मी कायम होईन. मग तुझ्या शिडीसाठी मी स्वतः शब्द टाकीन. तोवर तोंडातून अक्षर काढू नकोस.

तुझ्या मांडीवर वाढलेली,
भिंगरी

१९ ऑगस्ट

चि. भिंगरी,

थांबले आहे.

शिडीला इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत काम मिळालं. मी रविवारी जाऊन आले. तिनं मला चहा केला. मी कप हातात फिरवत बसले. म्हणाली, "तू का तोंड पाडून बसलीस? तुझी तर राहिली ना नोकरी."

मी का थांबलेय ते तुझ्याखेरीज कुणाला माहीत नाही. एक ओळ लिही.

मावशी

२९ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

ऑगस्टच्या पत्राला उत्तर आलं नाही. सप्टेंबरात लिफ्टमध्ये तू आणि मी एकट्याच होतो. चौथ्यापासून नवव्यापर्यंत तू फोनमध्ये बघत राहिलीस. कॅमेरा असतो, माहीत आहे मला.

गेल्या मंगळवारी लाँड्रीत चादरी दाबायच्या रुळांत शिडीचा उजवा हात गेला. चार बोटं काढली. अंगठा ठेवलाय. मी इस्पितळात गेले तेव्हा ती शुद्धीवर होती. म्हणाली, "आता सहीपण गेली बघ." आणि हसली. मी बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकलं.

ती माझ्यामुळे तिथे होती. आता पुरे.

पण मी तुझं ऐकलंय तर शेवटपर्यंत ऐकेन. १५ तारखेला तुझे सहा महिने होतात. १६ ला, बुधवारी सकाळी, मी वरच्या ऑफिसात जाईन. तुझं नाव घेणार नाही. सांगेन की मला आकृत्या आवडल्या म्हणून काढल्या, शिडीला काही ठाऊक नव्हतं. वेडी म्हणतील, म्हणू देत. तिची चूक नव्हती एवढं कागदावर आलं की ती ठेकेदाराकडे दाद मागू शकेल. तिला आता कुणी कामाला ठेवणार नाही.

तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. म्हणून तर तारीख निवडलीय.

मावशी

४ डिसेंबर

लाडक्या मावशीस,

किती वाईट झालं गं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तू म्हणतेस तसंच कर, मी अडवणार नाही. तुझ्या मनाला शांती मिळायला हवी.

फक्त एवढं कळव, तू कुणाशी बोललीस का? सुपरवायझरशी? शिडीशी? आणि बुधवारी नक्की कुणाला भेटणार, किती वाजता? म्हणजे मी आधीच कुणाला तरी सांगून ठेवीन, तुला नीट वागवतील.

तुझी भिंगरी

८ डिसेंबर

चि. भिंगरी,

तुझं पत्र वाचून खूप दिवसांनी गाढ झोपले. वाटलं, माझी पोर परत आली.

कुणाशी बोलले नाही. शिडीशीही नाही, तिच्यासमोर तोंड उघडत नाही माझं. बुधवारी दहा वाजता. वरच्या ऑफिसात त्या लाल फाइलवाल्या बाई बसतात ना, शिडीला काढलं त्या, त्यांच्याकडे. तू सांगून ठेवलंस तर बरंच होईल.

मावशी

१७ डिसेंबर

मावशी,

एव्हाना सगळं झालंय. माझ्या तोंडून कळावं म्हणून लिहितेय.

सोमवारी मी लाल फाइलवाल्या बाईंकडे गेले आणि लेखी दिलं. साफसफाईत माझी एक दूरची नातेवाईक आहे, मुलाखतीआधी तिनं मला फळ्यावरचे प्रश्न देऊ केले होते, मी नाकारले. त्या वेळी भीतीपोटी बोलले नाही, पण आता मनाला टोचतं. त्या म्हणाल्या, इतकं धाडस कुणी दाखवत नाही. मंगळवारी मला कायम केल्याचं पत्र मिळालं.

तू म्हणालीस नाव घेणार नाही. घेतलं नसतंस, पण त्यांनी काढलं असतं. तुला खोटं बोलता येत नाही, मावशी. चार प्रश्नांत तू रडली असतीस. म्हणून मला आधी जावं लागलं. तू बुधवारी आत गेलीस तेव्हा त्यांच्यासमोर माझा अर्ज होता, त्यामुळे तू काय म्हणालीस याला अर्थ उरला नाही. मला कळलं की तू माझं नाव घेतलं नाहीस, शिडीला काही माहीत नव्हतं एवढंच सांगत राहिलीस. पण सही तिची आहे, दाराशी ती होती. तुम्हा दोघींना एकत्रच धरणार.

मला दगड म्हणू नकोस. तुझं वय झालंय, तुझं आज ना उद्या संपणारच होतं. माझं आत्ता सुरू होतंय. यात दोघीही बुडण्यापेक्षा एक तरली. तुझ्या जागी आई असती तर तिनं हेच केलं असतं.

आईला मी सांगितलंय की तुझ्यावर चोरीचा आळ आलाय आणि तू थोडे दिवस तिला फोन न केलेलाच बरा.

एकच काम कर. माझी सगळी पत्रं परत पाठव, नाहीतर जाळून टाक. फेब्रुवारीपासूनची सगळी. जाळलीस की कळव. हे शेवटचं मागतेय.

भिंगरी

२७ डिसेंबर

भिंगरी,

बुधवारी लाल फाइलवाल्या बाईंनी मला तुझा अर्ज वाचून दाखवला. मी म्हटलं, मला वाचता येतं, द्या. मी स्वतः वाचला. "दूरची नातेवाईक" ही ओळ दोनदा वाचली.

गेटवर ओळखपत्राचा पट्टा काढून घेतला, महिनाअखेर खोलीही सोडायला सांगितलं. तिथून मी सरळ शिडीकडे गेले. तिच्या हाताला अजून पट्ट्या आहेत. मी तिला सगळं सांगितलं. तिला वाटलं, मी तापात बरळतेय. मग परवा तुझं हे पत्र आलं. काल मी तुझ्या पत्रांचा गठ्ठा घेऊन गेले आणि तिच्यासमोर बसून एकेक वाचलं. पहिल्यापासून. काही गाळलं नाही. "अशा बायकांच्या पोटात काही राहत नाही" हेही वाचलं, "अशा बायकांना दहा ठिकाणी काम मिळतं" हेही वाचलं. तिथे ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं.

मला वाटलं होतं ती तुला शिव्या देईल. पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ही तर पोरगी आहे. तुझं काय? ऑगस्टपासून तू माझ्या हातचा चहा पीत होतीस." मी म्हटलं, "माझी भाची आहे ती." ती म्हणाली, "आणि मी कोण होते?"

मग तिनं तिच्या डाव्या हातानं माझा दंड धरला आणि मला दाराबाहेर काढलं. पत्रं आतच राहिली. मी मागितली नाहीत. मागायचं तोंड मला नव्हतं.

तेव्हा तुझी पत्रं मी जाळलेली नाहीत आणि माझ्याकडेही नाहीत. हवी असतील तर तू जाऊन माग. लाँड्रीच्या मागच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीला लागून जिना आहे, वर तिसरी खोली. ती दिवसभर घरीच असते, आता कुठे जाणार?

तिला वाचता येत नाही. पण तिची शेजारीण शाळेत शिकवते, आणि मी जिना उतरत होते तेव्हा शिडी तो गठ्ठा घेऊन तिचंच दार ठोठावत होती.

मावशी